बुडबुड्यांची मोट

बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन भाग केले आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरील पठाराला तेथील लोक घाटावरचा मुलूख म्हणतात, आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सखल, काळ्याभोर जमिनीच्या प्रदेशाला घाटाखालचा. देऊळघाट हे गाव घाटावरचे. बुलढाणा शहरापासून ते फारसे दूर नाही, आणि पैनगंगेचा उगमही त्याच बाजूच्या डोंगरांत आहे. पुढे विदर्भ व मराठवाडा यांच्या सीमेवरून विस्तीर्ण पात्राने वाहत जाऊन वर्धा नदीस मिळणारी ही पैनगंगा येथे अगदी बाल्यावस्थेत असते. पावसाळ्यात ती खळाळत जाते. उन्हाळ्यात मात्र तिच्या पात्रात पाण्यापेक्षा दगडगोटेच अधिक दिसतात. त्यामुळे माघ-फाल्गुन सरला म्हणजे या भागातील शेतकऱ्याची दृष्टी आकाशाकडून जमिनीखाली वळते. मळ्यात उभा असलेला कांदा वा भाजीपाला जगेल की वाळेल, हे त्याच्या विहिरीत आणि कूपनलिकेत किती पाणी उरले आहे यावर ठरते.

पाणी आहे तेथून हवे तेथे न्यायचे, म्हणजे ते वर उचलायचे, ही शेतीच्या आरंभापासूनची अडचण होय. मोटेने ती कित्येक शतके सोडविली. कातड्याची मोट, तिचा जाड नाडा आणि सोंडेस बांधलेला सोल, विहिरीच्या काठावरील चाक, बैलांच्या येण्याजाण्याची उतरती धाव आणि पाणी ओतले जाई ते थारोळे, एवढाच तिचा संसार. मोट पाण्याला खालून धरून वर ओढीत असे, म्हणून विहीर किती खोल आहे याची तिला क्षिती नसे. नाडा लांब करावा आणि धाव वाढवावी, की काम भागले. पुढे तेलावर चालणारी इंजिने आणि विजेचे पंप आले. विहिरीच्या काठावर ठेवलेला पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो नळीतील हवा काढून घेतो आणि विहिरीतील पाण्यावर पडणारा वातावरणाचा दाब ते पाणी नळीत वर ढकलतो. इटलीतील टॉरिचेल्ली याने १६४३-४४ च्या सुमारास हे रहस्य उलगडले. समुद्रकाठी हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरतो. देऊळघाटसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीवरील गावी हवा थोडी विरळ असल्यामुळे ही मर्यादा साडेनऊ मीटरांच्या जवळपास येते, आणि प्रत्यक्षात नळीतील घर्षण व सांध्यांतील गळती वजा जाता सहा-सात मीटरांपलीकडे अशा पंपाचे काही चालत नाही. पंप कितीही बळकट आणला तरी येथे त्याचा उपयोग नाही, कारण पाणी चढविणारा पंप नव्हेच, चढविणारी आहे ती हवा.

मग पन्नास-साठ मीटर खोल कूपनलिकेतून पाणी वर यावे कसे? एक मार्ग असा की पंपच पाण्याच्या जवळ खाली उतरवावा. हातपंपाने तेच केले. त्याचे पाणी उचलणारे नळकांडे जमिनीवर दिसत नाही. ते खोल पाण्यात बुडालेले असते आणि वरचा दांडा लांबलचक सळईने त्यास हलवितो. जालना आणि सोलापूर या दोन गावांच्या नावाने ओळखले गेलेले दणकट हातपंप हे पुढे १९७० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या आणि जगभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क टू’ या पंपाचे पूर्वज होत. यांतील जालना तर बुलढाण्याच्या शेजारचेच. पाण्यात बुडून चालणारा विजेचा पंप, ज्यास सबमर्सिबल म्हणतात, हाही याच मार्गाचा पांथस्थ.

दुसरा मार्ग अधिक विलक्षण आहे. त्यात पाण्यात कोणतेही यंत्र उतरत नाही. उतरतात त्या दोन नळ्या, आणि पाणी वर आणतात ते बुडबुडे.

घाटावरच्या गावांत कूपनलिका खोदण्याचे यंत्र आले म्हणजे भोवती मुलांची गर्दी जमते. त्या मुलांनी हा चमत्कार पाहिलेला असतो. फक्त त्याचे नाव त्यांस ठाऊक नसते. यंत्राच्या टोकाचा हातोडा दाबलेल्या हवेच्या जोरावर काळ्या पाषाणाचा चुरा करीत खाली जातो आणि तीच हवा तो चुरा वर उधळते. आरंभी राखेसारखी कोरडी धूळ उडते. मग ती ओली होते, मग चिखल येतो, आणि दैव अनुकूल असेल तर अकस्मात पांढऱ्याशुभ्र फेसाळ पाण्याचा फवारा आकाशात उसळतो. घरची माणसे नारळ फोडतात. ते पाणी कोणत्याही पंपाने उचललेले नसते. खाली सोडलेली हवा पाण्यात मिसळून वर येताना पाण्यालाही आपल्याबरोबर घेऊन येते. खोदकाम संपल्यावर हाच प्रकार शांतपणे, रोज, नळीतून घडविता आला तर त्यास हवेचा पंप म्हणावे. खेडोपाडी त्याला नुसते ‘कंप्रेसर’ म्हणतात, कारण हवा दाबणारे ते यंत्र तेवढे जमिनीवर डोळ्यांस दिसते.

बुडबुडे पाणी उचलतात ते कसे? पुष्कळांची समजूत अशी की हवा खालून जोराने येते व पाण्यास ढकलते. ही समजूत अर्धवट आहे. खरे कारण तराजूचे आहे. एक उभी नळी पाण्यात बुडविली आहे आणि तिचे खालचे तोंड उघडे आहे, अशी कल्पना करावी. नळीच्या आत व बाहेर पाणी एकाच पातळीवर राहील, कारण दोन्ही पारड्यांत सारखेच वजन आहे. आता नळीच्या तळाशी हवा सोडली, तर नळीतील पाणी निव्वळ पाणी राहत नाही. ते पाणी आणि हवा यांचे मिश्रण होते. हे मिश्रण पाण्याहून हलके असते. बाहेरचे जड पाणी खालच्या तोंडातून आत शिरू पाहते आणि हलक्या मिश्रणास वर लोटते. पाण्याखाली ६० हात आणि पाण्यावर ४० हात अशी १०० हातांची नळी असेल, तर बाहेरच्या ६० हात निव्वळ पाण्याने आतील १०० हात मिश्रण तोलले पाहिजे. त्यासाठी मिश्रणाच्या १०० भागांत सरासरी ४० भाग हवा असली म्हणजे पारडे बरोबरीला येते. हवा त्याहून किंचित अधिक झाली की पाणी नळीच्या तोंडातून वाहू लागते. नळीत फिरणारा दट्ट्या नाही, झडप नाही, चाक नाही. जड पारडे खाली बसते आणि हलके वर जाते, एवढेच.

हे घरीही पाहता येते. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी जी पारदर्शक नळी वापरतात, तिचा मीटरभर तुकडा एखाद्या काठीस उभा बांधावा आणि पाण्याने भरलेल्या खोल पिंपात ६० सेंटिमीटर बुडवून ठेवावा. सलाईनच्या बारीक नळीचे टोक वळवून खालून तिच्या तोंडात घालावे आणि माशांच्या काचपेटीस हवा पुरविणाऱ्या लहानशा पंपाने हवा सोडावी. थोड्याच वेळात पाण्याचे लहान लहान तुकडे, मध्ये हवेचे मणी घेऊन, माळ ओढावी तसे वर चढतील व तोंडातून बाहेर पडतील. नंतर तीच नळी वर उचलून फक्त ३० सेंटिमीटर बुडालेली ठेवावी. हवा तितकीच आहे, नळीही तीच; परंतु पाणी आता वर-खाली हेलकावे घेत राहील आणि तोंडापर्यंत क्वचितच पोहोचेल. पाण्याबाहेरची उंची वाढली हे एक कारण. पण पाण्यातील खोली घटली हे त्याहून मोठे.

या युक्तीचा जनक म्हणून जर्मनीतील फ्रायबर्ग येथील खाणतज्ज्ञ कार्ल लोशर याचे नाव घेतात. त्याने ती १७९७ मध्ये मांडली. खाणींत साचणारे पाणी ही त्या काळची मोठी विवंचना होती. तथापि जोपर्यंत हवा दाबण्याची चांगली यंत्रे नव्हती तोपर्यंत ही कल्पना पडून राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत तिचा उपयोग वाढला. ज्युलिअस पोले याने १८९२ मध्ये या पद्धतीचे पेटंट मिळविले तेव्हा त्याचा आग्रह असा होता की, हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात मिसळू देऊ नये. नळी भरून टाकणारे हवेचे मोठे गोळे सोडावेत, म्हणजे दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलेले पाणी दट्ट्याने रेटावे तसे वर जाईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे नेमके उलटे, की बुडबुडा जितका बारीक तितका तो पाण्याला चिकटून राहतो. हा वाद दीर्घकाळ चालला. वादाचा निर्णय एका वाक्यात देता येत नाही, कारण तो नळीच्या रुंदीवर अवलंबून आहे. आणि पाणी अधिक उंच कसे चढवावे या प्रश्नाची एक किल्ली येथेच आहे.

बुडबुडा हा फार आज्ञाधारक नोकर नव्हे. पाण्यास घेऊन वर जाण्याऐवजी तो संधी सापडताच पाण्यातून वाट काढून एकटाच पुढे निघून जातो. रुंद नळीत त्यास अशी वाट सहज सापडते. सुमारे २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तिचा सारा घेर व्यापणारा हवेचा गोळा स्थिर पाण्यातून सेकंदास १७ सेंटिमीटरांच्या आसपास वेगाने वर सरकतो. म्हणजे तेवढ्या वेगाने तो पाण्याला मागे टाकीत असतो. नळी अरुंद करीत गेले की हा वेग घटतो. पाच मिलिमीटरांहून अरुंद नळीत तर पाण्याच्या पृष्ठताणामुळे बुडबुडा जागच्या जागी अडकून उभा राहतो. त्याला पाण्याला सोडून जाताच येत नाही. अशा नळीत बुडबुडा म्हणजे खरोखरीचा दट्ट्याच. म्हणून थोडे पाणी पुष्कळ उंच न्यायचे असेल तेव्हा बारीक नळी उपयोगी पडते. ज्वालेच्या उष्णतेवर चालणाऱ्या, फिरता भाग मुळीच नसलेल्या शीतकपाटात द्रव चढविण्यासाठी अशीच बारीक नळी असते, आणि तिच्यात हवेऐवजी वाफेचे बुडबुडे काम करतात. परंतु बारीक नळीचे पाणी तेवढेच बारीक. घर्षणही तिच्यात अधिक. कांद्याचे वाफे तिने भिजणार नाहीत. मळ्यासाठी रुंद नळी घ्यावी लागते आणि बुडबुड्यांची चुकारी काही अंशी सोसावी लागते. तेथे पोलेच्या विरोधकांचा सल्ला ऐकून हवा एका भोकातून न सोडता पुष्कळ छिद्रांतून सोडणे हितकर ठरते.

हवा किती सोडावी, याविषयीही मोठा गैरसमज आहे. पाणी कमी आले की हवा वाढवावी, असे कोणासही वाटेल. काही मर्यादेपर्यंत ते खरे आहे. हवा अगदीच थोडी असेल तर मिश्रण पुरेसे हलके होत नाही. हवा वाढवीत नेली म्हणजे पाणी वाढते, आणि मग एक वेळ अशी येते की आणखी हवा दिल्यास पाणी वाढत नाही, उलट घटते. नळीच्या मध्यभागातून हवेचा झंझावात वाहू लागतो आणि पाणी भिंतींना पातळ थराने चिकटून कसेबसे वर सरकते. मोठा आवाज, पुष्कळ तुषार आणि थोडे पाणी अशी अवस्था दिसली, तर हवा अपुरी नसून अति झाली आहे हे ओळखावे. हवेचा कान थोडा थोडा पिळून, पाच मिनिटांत किती बादल्या भरतात हे मोजीत जावे, म्हणजे योग्य प्रमाण आपोआप सापडते.

तरीही या पंपाचा खरा आधार नळीची बुडालेली लांबी हाच आहे. तिचे संपूर्ण नळीशी जे प्रमाण, त्यावर सारा खेळ अवलंबून असतो. एखाद्या कूपनलिकेत नळीचे खालचे तोंड ६० मीटरांवर आहे असे समजावे. श्रावणात पाणी २४ मीटरांवर उभे असेल, तर नळीचा ३६ मीटर भाग पाण्यात आणि २४ मीटर चढाव. बुडालेला भाग दहांत सहा. असे असता, हवेच्या प्रसरणाचा हिशेब केल्यास, एक लिटर पाणी वर आणण्यास वातावरणाच्या दाबाची कमीत कमी दीड लिटरभर हवा लागते. पाणी उतरून ३० मीटरांवर गेले की बुडालेला भाग निम्मा होतो आणि हीच हवा सव्वादोन लिटरांच्या घरात जाते. पाणी ३६ मीटरांवर गेले की तीन लिटर. आणि वैशाखात ते ४२ मीटरांवर गेले म्हणजे चार लिटर. हे आकडे केवळ गणिताचे आहेत. प्रत्यक्षात बुडबुड्यांची चुकारी व घर्षण यांमुळे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक हवा खर्ची पडते. कंप्रेसर मात्र तोच, त्याची हवा तेवढीच. चढाव २४ मीटरांवरून ४२ मीटरांवर गेला, म्हणजे दुपटीहून कमीच वाढला. पण गणिताने मिळणारे पाणी पूर्वीच्या दोनपंचमांशांहूनही खाली आले. पिकाला पाण्याची निकड ज्या महिन्यात सर्वांत अधिक, त्याच महिन्यात हा पंप हात आखडता घेतो.

मग कूपनलिकाच अधिक खोल करून नळी आणखी बुडवावी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. बहुतेक शेतकरी हाच मार्ग धरतात, आणि कित्येकदा कर्ज काढून धरतात. परंतु घाटावरचा खडक लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला आहे. त्याला स्पंजासारखी छिद्रे सर्वत्र नाहीत. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या, मुरमाड भागात, दोन थरांच्या सांध्यांत आणि भेगांत. जसजसे खोल जावे तसतशा भेगा आवळत जातात. साठ मीटरांपलीकडे कोरडा दगड हाती लागण्याचा संभव अधिक. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटर वा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस ‘खोल विहीर’ असे नाव देऊन तीवर निर्बंध घातले, त्यामागेही हेच भान आहे. कोरड्या दगडात भोक लांबविल्याने पाणी वाढत नाही. फार तर भेगांतून झिरपलेले पाणी साठविण्यास एक अरुंद हौद मिळतो, आणि नळीचे टोक त्या हौदात अधिक बुडते एवढाच लाभ.

ज्या कूपनलिकेत असे झिरपून झिरपून थोडेच पाणी साठते, तेथे मात्र हवेच्या पंपाची खरी योग्यता दिसते. सबमर्सिबल पंप कोरडा चालला तर त्याची मोटर जळण्याची भीती, आणि वाळू-गाळ आल्यास त्याचे फिरते भाग झिजतात. हवेच्या नळीस पाणी संपल्याचे दुःख नाही. ती नुसती फुसफुसते. कूपनलिका वाकडी असो, पाणी गढूळ असो, तिचे काही अडत नाही. एकच कंप्रेसर मळ्यातील दोन-तीन कूपनलिकांस आळीपाळीने हवा देऊ शकतो. या सोयीची किंमत विजेत मोजावी लागते. मोटरीने घेतलेल्या शक्तीपैकी पाण्यास उचलण्याच्या कामी साधारणतः चौथा-पाचवा भागच येतो. बाकीची शक्ती हवा तापविण्यात, नळीतील घर्षणात आणि निसटलेल्या बुडबुड्यांत जाते. चांगला सबमर्सिबल पंप त्याच विजेत सुमारे दुप्पट पाणी देतो. म्हणून भरपूर पाण्याच्या कूपनलिकेवर कंप्रेसर बसविणे हा अपव्यय होय, आणि तुटपुंज्या पाण्याच्या कूपनलिकेत महागडा सबमर्सिबल पंप सोडणे हे साहस होय.

चढाव वाढविण्याच्या आणखी दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली नळीच्या आकाराची. ३६ मीटर पाण्याखाली हवेवर वातावरणाच्या सुमारे साडेचार पट दाब असतो. वर येता येता ती साडेचार पट फुगते. त्यामुळे तळाशी मिश्रण संथ आणि तोंडाशी मात्र बेफाम वेगाने जाणारे असते, आणि त्या वेगात शक्ती वाया जाते. नळी वरच्या बाजूस टप्प्याटप्प्याने रुंद केली तर हा वेग आवरतो.

दुसरी युक्ती पायऱ्यांची आहे, आणि ती अधिक चतुर आहे. विहिरीत फक्त ६ मीटर पाणी आहे असे धरावे. दहांत सहा हे प्रमाण राखल्यास पाणी जेमतेम ४ मीटर वर चढेल. म्हणजे विहिरीच्या तळापासून १० मीटर. तेथे त्याला एका लहान टाकीत घ्यावे, त्यातील हवा निघून जाऊ द्यावी आणि मग ते निव्वळ पाणी एका बंद नळीने पुन्हा विहिरीच्या तळापर्यंत खाली सोडावे. वर चढविलेले पाणी परत खाली नेणे हा वेडेपणा वाटेल. परंतु आता त्या नळीत १० मीटर उंचीचा स्तंभ उभा आहे, आणि तळाशी वळवून वर नेलेल्या दुसऱ्या फाट्यात हवा सोडल्यास हा स्तंभ ६ मीटर नव्हे, १० मीटर बुडालेल्या भागाचे काम करतो. त्याच प्रमाणाने पाणी तळापासून १६ मीटरांच्या पुढे चढते. आणखी एक पायरी केली की २७ मीटरांच्या पुढे. प्रत्येक पायरीला उंची मागच्या उंचीच्या एक पूर्णांक दोनतृतीयांश पट होत जाते, आणि विहिरीतील पाणी तेवढेच, सहा मीटर! अर्थात निसर्ग यात कोणास फुकट काही देत नाही. प्रत्येक पुढच्या पायरीला अधिक दाबाची हवा लागते, प्रत्येक पायरीवर बुडबुडे आपला वाटा खातात, आणि नळ्यांचा खर्च वाढत जातो. कंप्रेसरचा दाब वाढविण्याची सोय नसेल तर फाटा तळापर्यंत न नेता फक्त सहा मीटर खाली न्यावा. मग प्रत्येक पायरी चार मीटरांची होते. मोठ्या उघड्या विहिरीत या पायऱ्या बसविता येतात. कूपनलिकेच्या अरुंद भोकात त्यांना जागा नाही.

दाबलेली हवा मिळविण्यास नेहमी इंजिन वा वीजच लागते असेही नाही. पडणारे पाणी आपल्याबरोबर हवा खाली ओढून नेते, हे कोणत्याही धबधब्याच्या डोहात दिसते. हे फेसाळ पाणी उभ्या नळीतून खोल कोठीत नेले की हवा वेगळी होऊन कोठीच्या छताशी दाबाखाली साठते, आणि पाणी दुसऱ्या वाटेने निघून जाते. कॅनडातील चार्ल्स टेलर या अभियंत्याने याच तत्त्वावर मोठी बांधकामे उभारली. माँट्रियल नदीवर रॅगेड चूट्स येथे १९१० मध्ये बांधलेल्या त्याच्या विवराची खोली सुमारे ३५० फूट होती, आणि एकही दट्ट्या न हलविता ते कोबाल्ट गावाजवळच्या चांदीच्या खाणींना दाबलेली हवा पुरवीत असे. लहान प्रमाणावर याच कोठीच्या छतास एक बारीक नळी जोडली, तर साठलेली हवा पाण्याचे तुकडे उचलीत त्या नळीतून वर जाते, आणि ओढ्याचे थोडे पाणी ओढ्याच्या काठाहून उंच चढते. ओढाच मोट ओढतो आणि ओढाच मोटेत बसतो.

पैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात उतार आहे, ओहोळ आहेत, त्यामुळे ही रचना तेथे चालेल की नाही असा प्रश्न सहज सुचतो. आषाढ ते आश्विन ती चालेल. पण तेव्हा शेताला वरून पाणी मिळत असते. रब्बीच्या पेरणीनंतर, ओहोळ अजून वाहता असेपर्यंतचे काही आठवडे काय ते तिच्या उपयोगाचे. त्या आठवड्यांत काठावरच्या टाकीत दिवसरात्र चढत राहिलेले पाणी, धार करंगळीएवढीच असली तरी, गुरांना आणि वाफ्यांतील रोपांना पुरे पडू शकते. त्यानंतर ओहोळ आटतो, कोठीतील हवा थांबते, आणि पुन्हा विजेच्या वेळापत्रकाकडे व कूपनलिकेतील पातळीकडे पाहावे लागते. ती पातळी मोजण्यास दोरी आणि तिच्या टोकाला बांधलेला दगड एवढे साधन पुरते. कंप्रेसर बंद करून पाणी स्थिर झाल्यावर दर पंधरवड्यास दोरी सोडावी, ओल्या भागाची खूण पाहून पाण्यापर्यंतची लांबी मोजावी, ती नळीच्या लांबीतून वजा करावी आणि आलेला आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. दहांत चारांहून तो खाली आला, की त्या वर्षी त्या नळीने किती वाफे भिजतील, हे पेरणीपूर्वीच कळते.